'कॉप्टिक' म्हणजे नेमकं काय? गिऱ्हाइकानं कॉप्टिक बाइंडिंगच्या वह्या मागितल्यात

शहापूरची बाइंडर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता मीच बघते. सोसायट्यांच्या खतावण्या, कॉलेजचे प्रोजेक्ट रिपोर्ट, शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांच्या फायली, अधूनमधून कुणाच्या तरी आजोबांचं फाटकं ज्ञानेश्वरीचं पुस्तक. जुजबंदी (दुमडलेल्या तावांचे गठ्ठे, म्हणजे जुज, एकमेकांना शिवायचे), फीत घालून शिलाई, पुठ्ठा, कॅलिको, पाठीवर सोनेरी अक्षरं, हे सगळं हातातलं काम. खळसुद्धा अजून घरचीच, मोरचूद घालून.

तर टिळकवाडीची एक मुलगी आली. लग्नाला येणाऱ्यांना परतभेट म्हणून वह्या द्यायच्यात आणि त्या 'कॉप्टिक बाइंडिंग'मध्येच हव्यात. मोबाइलवर फोटो दाखवला. पाठ उघडी, पाठीवर दोऱ्याचे साखळी टाके एका ओळीत, वही उघडली की सपाट पडते. हे जमण्यासारखं आहे म्हणून 'करूया की' म्हटलं आणि ॲडव्हान्स घेतला.

मग ती म्हणते, पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची. 'कॉप्टिक' म्हणजे काय ते दोन-तीन ओळींत, मराठीत एक आणि नवऱ्यामुलाकडची माणसं कानडी म्हणून कानडीत एक. शिलाई मी करते, पण हे कोण लिहिणार? नेटवर शोधलं तर एकीकडं चर्च, दुसरीकडं भाषा, तिसरीकडं कॅलेंडर, चौथीकडं जुनी कापडं. जाऊबाई म्हणाल्या, चष्म्याच्या दुकानावर ऑप्टिक लिहितात त्यातलंच काहीतरी असंल. आमच्याकडं सासऱ्यांच्या वेळेपासूनचे कारागीर आहेत, आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांना उर्दू वाचता येतं. ते म्हणाले, "अगं, ते किब्ती. मूसा पैगंबर आणि फिरऔनच्या किस्स्यात येतात की. फिरऔन म्हणजे इजिप्तचा जुना बादशहा, त्याची माणसं."

आता फिरऔन कुठं आणि टिळकवाडीचं लग्न कुठं! कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. हा शब्द आला कुठून, म्हणतात कुणाला आणि वहीला का चिकटला? चिठ्ठीत चुकीचं छापून गेलं तर तिथं एखादा प्राध्यापक पाहुणा निघतोच.

अनगोळ नाका

हेलिकॉप्टरमधला कॉप्टर तो हाच का ओ ताई? म्हणजे वही उडते काय?

निपाणीचे गुरुजी

अनगोळकर, हेलिकॉप्टरची फोड हेलिको आणि प्टर अशी आहे. दोन्ही ग्रीक. पहिल्याचा अर्थ मळसूत्राचा वेढा, दुसऱ्याचा पंख. 'कॉप्टर' हा तुकडा नंतर लोकांनी सोयीनं तोडला. इथं त्याचं काही काम नाही. बाकीचं सवडीनं लिहितो.

खानापूर ते कुवेत

वहिनी, मी खानापूरचा. कुवेतमध्ये एका कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. खोलीत माझ्याबरोबर इजिप्तचा एकजण होता, तो कॉप्ट. त्यामुळं पुस्तकातलं नाही, बघितलेलं सांगतो.

कॉप्ट म्हणजे इजिप्तमधले ख्रिश्चन. कॉप्टिक म्हणजे त्यांचं, त्यांच्यातलं. बहुतेक सगळे कॉप्टिक ऑर्थोडॉक्स चर्चचे, थोडे कॅथलिक आणि प्रोटेस्टंटही आहेत. इजिप्तच्या लोकसंख्येत दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. त्यांचाही पोप असतो, रोमचा नव्हे, अलेक्झांड्रियाचा. सध्या पोप तवाद्रोस दुसरे, २०१२ पासून. येशूचा शिष्य संत मार्क अलेक्झांड्रियात आला आणि त्यानं चर्च सुरू केलं असं ते मानतात. ४५१ साली खाल्केदोनच्या धर्मपरिषदेत येशूच्या स्वरूपावरून वाद झाला, तेव्हापासून रोमचं चर्च वेगळं आणि यांचं वेगळं. केरळातलं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च यांच्याच गोतावळ्यातलं. आमच्या कंपनीत मलबारचे बरेच होते, त्यांचं आणि याचं पटकन जुळायचं.

याच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला निळसर क्रॉस गोंदलेला होता. मला वाटलं हौस. तर म्हणाला लहानपणीच गोंदवतात आमच्यात, मुलींनापण. आणि उपवास! वर्षातले दोनशेच्या वर दिवस. उपवास म्हणजे उपाशी नव्हे, मांस, अंडी, दूध, तूप काही नाही. मेसमधली आमची डाळ तो आवडीनं खायचा, पण आचाऱ्यानं तुपाची फोडणी दिलेली असली की ताट सरकवायचा. मग आचारी त्याच्यापुरती तेलाची वेगळी द्यायला लागला. नाहीतर बाकलाच्या शेंगांतल्या दाण्यांची ती फूल म्हणतात ती उसळ आणि रोटी, सकाळ-संध्याकाळ.

नाताळ पंचवीस डिसेंबरला नाही, ७ जानेवारीला. त्यांच्या पंचांगाप्रमाणं तो कियाहक महिन्याचा २९ वा दिवस. ते कॉप्टिक कॅलेंडर म्हणजे तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच-सहा दिवसांचा छोटा तेरावा. वर्ष ११ सप्टेंबरला सुरू, लीप वर्षाच्या आधी १२ ला. सनाची मोजणी इसवी २८४ पासून, रोमन बादशहा डायोक्लीशन गादीवर आला तिथून. त्यानं ख्रिश्चनांना इतकं मारलं म्हणून त्या सनालाच हुतात्म्यांचा सन म्हणतात. इजिप्तचे शेतकरी, मुसलमान असले तरी, पेरणी-कापणीला हेच महिने धरतात म्हणून तो सांगायचा. अमशीर लागला की वारं सुटणार, असं.

नावांवरून ओळखू येतात. मिना, गिरगिस, बिशॉय, शनूदा अशी असली की समजायचं. युनोचे बुत्रोस बुत्रोस घाली आठवतात का, १९९२ ते ९६ सरचिटणीस? ते कॉप्ट. हृदयाचे मोठे सर्जन मॅग्दी याकूब, तेही.

आणि एक. तो घरी, बाजारात, फोनवर सगळं अरबीच बोलायचा. शुक्रवारी सुट्टी म्हणून चर्चही शुक्रवारी, तिथं प्रार्थनेत मात्र कॉप्टिक भाषा. मी म्हटलं एक वाक्य बोल बघू. हसला. गायला येतं, बोलायला येत नाही म्हणाला.

शहापूरची बाइंडर

दादा, हे झकास सांगितलंत. पण मला एक नवीनच घोर लागला. हे सगळं ख्रिश्चनांचं असेल तर लग्नात कुणी म्हातारं माणूस बोलायचं, 'आपल्यात ही चर्चची वही कशाला' म्हणून. मुलीला काही नाही त्याचं, पण तिच्या आत्या आहेत एक, दुकानात आल्या होत्या. त्यांना वहीपेक्षा प्रश्न जास्त. आणि चाचांचं ते फिरऔनचं काय? ते आपलं म्हणणं सोडत नाहीत.

निपाणीचे गुरुजी

चाचांनी सोडूही नये. त्यांचा अर्थ उलट जुना आहे.

शब्दाची वाट अशी. नाईलच्या काठी मेम्फिस नावाचं राजधानीचं शहर होतं, आजच्या कैरोच्या दक्षिणेला. तिथं प्ताह देवाचं मोठं मंदिर. त्या मंदिराचं नाव हूत-का-प्ताह, म्हणजे प्ताहच्या आत्म्याचं घर. ग्रीकांनी ते नाव उचलून अख्ख्या देशाला लावलं आणि त्यांच्या तोंडी ते झालं ऐगुप्तोस. इंग्रजीतलं आणि आपलं इजिप्त तिथूनच आलं. अरब सातव्या शतकात आले, ६४२ पर्यंत देश त्यांच्या हातात गेला. त्यांनी ग्रीक शब्दाचा पुढचा 'ऐ' टाकला आणि उरलं त्याचं केलं किब्त. त्या देशाचा माणूस तो किब्ती. तेव्हा अर्थ एवढाच होता, इथला मूळचा माणूस. मग शतकानुशतकं लोक मुसलमान होत गेले, ते स्वतःला मिस्री (अरबीत मिस्र म्हणजे इजिप्त) म्हणवू लागले आणि जे ख्रिस्ती राहिले त्यांच्यापुरतं किब्ती हे नाव शिल्लक राहिलं. युरोपनं अरबीतून घेऊन त्याचं कॉप्ट केलं. मूसाच्या किस्स्यात किब्ती म्हणजे फिरऔनच्या देशचे लोक, हा पहिला अर्थ. खानापूरकरांच्या खोलीतला माणूस हा दुसरा. मुळात इजिप्त आणि कॉप्ट हे एकच नाव आहे, दोन वाटांनी आलेलं.

आता भाषा. मला विचाराल तर या शब्दाचा सगळ्यात मोलाचा उपयोग इथंच आहे. कॉप्टिक ही फिरऔनांच्या भाषेचीच शेवटची पायरी. फक्त चित्रलिपी सोडून ग्रीक अक्षरांत लिहायला घेतलेली, आणि जे उच्चार ग्रीकात नव्हते त्यांच्यासाठी जुन्या देशी लिपीतली सहा-सात अक्षरं ठेवलेली. हळूहळू अरबीनं तिला घरातून आणि बाजारातून बाहेर काढलं, चर्चमध्ये ती टिकली. टिकली म्हणून तर शांपोल्याँला चित्रलिपी फोडता आली. हा फ्रेंच माणूस पोरवयापासून कॉप्टिक शिकत होता. एका नावात त्याला आधी गोल सूर्य दिसला आणि शेवटी दोन स-कार. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात हे त्याला ठाऊक. मधलं चिन्ह जन्माशी जोडलेलं, आणि जन्म देणे याला कॉप्टिक शब्द 'मीसे'. रे-मेस-स. रामसेस, एका फिरऔनचं नाव! ही १८२२ ची गोष्ट. चर्चमधली प्रार्थना कानावर नसती तर पिरॅमिडच्या देशाचा आवाज कुणालाच कळला नसता.

जाता जाता. ताई, तुमच्या शेजारी कुणी डीटीपीवाला असेल आणि त्याच्याकडे अडोबीचं पेजमेकर असेल, तर त्याला सांगा, तोही कॉप्टिक शब्द दिवसभर वापरतोय. कच्च्या विटेला कॉप्टिकमध्ये 'तोबे' म्हणत. अरबीत अत्-तूब झालं, स्पॅनिशमध्ये अडोबे. त्या नावाचा एक ओढा कॅलिफोर्नियात आहे, कंपनी काढणाऱ्याच्या घरामागून वाहणारा. त्यावरून कंपनीचं नाव पडलं.

आणखी एक खबरदारी. जुन्या लिखाणात इथिओपियाच्या ख्रिश्चनांनाही कॉप्टिक म्हटलेलं सापडतं. त्यांचं चर्च १९५९ पर्यंत अलेक्झांड्रियाच्या पोपच्या अखत्यारीत होतं म्हणून ती सवय पडली. माणसं वेगळी, भाषा वेगळी. तुमच्या चिठ्ठीत इथिओपिया आणू नका.

अनगोळ नाका

गुरुजी, पेजमेकर आता कुणाकडं हाय ओ! पण विटेचं भारी.

चिकोडीकर, मुक्काम पुणे

ताई, मी मूळचा चिकोडीचा, पुण्यात हातबांधणीचे वर्ग घेतो. चर्चवाल्या घोराचं आधी बोलतो.

अथणीला, निपाणीला शिवलेल्या चपलेला आपण काय म्हणतो? कोल्हापुरी. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हाही महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, त्यात आपलं बेळगाव, पण नाव कोल्हापुरीच. कॉप्टिक बाइंडिंग तसंच. या शिलाईची सगळ्यात जुनी पुस्तकं इजिप्तमध्ये सापडली, कोरड्या वाळूत टिकली, म्हणून पुस्तकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिला कॉप्टिक नाव दिलं. ती बांधणाऱ्यांनी स्वतः काही तसं म्हटलं नव्हतं. पुढं हाच टाका अरबांच्या पुस्तकांत गेला, म्हणजे कुराणाच्या जुन्या प्रतीही साखळी टाक्यानंच शिवलेल्या असायच्या. इंग्लंडमध्ये संत कथबर्टच्या शवपेटीत १,३०० वर्षांमागचं एक तळहाताएवढं पुस्तक सापडलं, युरोपातलं सगळ्यात जुनं शाबूत बांधणीचं, २०१२ ला ब्रिटिश लायब्ररीनं नव्वद लाख पौंडांना घेतलं. ते थंडीपावसाच्या देशात शिवलेलं, पण शिलाईला नाव कॉप्टिक. आत्याबाईंना सांगा, टाक्याला धर्म नसतो, सुई कुणाच्याही हातात तीच चालते.

आता एक गोष्ट चिठ्ठीत चुकू देऊ नका. उघडी पाठ ही जुनी नव्हे. जुन्या कॉप्टिक पुस्तकांच्या पाठीवर चामडं असायचं, टाका झाकलेला. पाठ उघडी ठेवून टाका मिरवायचा ही हल्लीची आवड. आणि कुणी तुम्हाला इजिप्तमधल्या नाग हम्मादी गावचं उदाहरण देईल. १९४५ ला शेतात टाकायला खतमाती खणताना शेतकऱ्यांना मडक्यात चामड्यात बांधलेली पुस्तकं मिळाली, कॉप्टिक भाषेतली, पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर. फार मोठा ठेवा. पण ती बहुतेक एकाच जाड जुजाची आहेत, सगळी पानं एकात एक घालून मधून शिवलेली. भाषा कॉप्टिक, पण तुमचा साखळी टाका तिथं नाही. त्यांचे पुठ्ठे मात्र बघण्यासारखे. रद्दी पपायरस, जुन्या पावत्या, चिठ्ठ्या एकावर एक चिकटवून केलेले. रद्दीचा पुठ्ठा करायची आपली खोड तिथली समजा!

शिलाईचं. तुम्हाला जुजबंदी येते म्हणजे निम्मं काम झालं. फरक असा की इथं फीत नाही, मागं कापड नाही, खळ नाही. एक जुज दुसऱ्याला फक्त दोऱ्यानं धरतो. चार-चार ताव दुमडून जुज करा, त्याहून जाड नको. सगळ्या जुजांना भोकं एकाच पट्टीवर, नाहीतर पाठीवरची ओळ वाकडी जाते आणि उघड्या पाठीला ते झाकता येत नाही. सुई आतून बाहेर आली की सरळ वरच्या जुजात जायचं नाही. खाली उतरायचं, खालच्या दोन जुजांच्या मधून, आधीच्या टाक्याच्या मागून फिरवायचं आणि परत आपल्याच भोकात. तिथं साखळीची कडी पडते. पुठ्ठाही याच दोऱ्यानं, त्याच्या काठाला भोकं पाडून.

दोरा ओढताना पाठीच्या रेषेत ओढायचा. वर खेचला की कागद फाटलाच, आणि एका भोकासाठी अख्खा जुज बदलावा लागतो. दोरा लिननचा मेण लावलेला घ्या. मोच्याकडचा जाड पडतो, पाठ फुगते. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवा, एवढं तुम्हाला सांगायला नको.

आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की ही वही लिहायला सुखाची, पण कपाटात उभी ठेवली तर पाठीत धूळ बसते आणि लहान पोरानं दोरा उसवला तर सुटत जाते. रोजकीर्दीला ही बांधणी चालायची नाही. भेटवहीला चालते.

शहापूरची बाइंडर

सर, एक नमुना शिवून बघितला. चाचांनी बघितल्याबरोबर सांगितलं की हा टाका त्यांच्या उस्तादांच्या हातात होता, जुन्या कुराणांच्या दुरुस्तीला वापरायचे, फक्त वरून चामडं यायचं. त्यांनी सुई घेतली आणि माझ्यापेक्षा निम्म्या वेळात दुसरा जुज जोडला. मग मला म्हणतात, "दोरा बोटावर धर, दातात कशाला धरतेस."

चिठ्ठीचा मजकूर असा केलाय, बघा कुणीतरी:

'या वहीची शिलाई कॉप्टिक पद्धतीची आहे. कॉप्ट म्हणजे इजिप्तमधले ख्रिस्ती लोक. प्राचीन इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्यांनी ही शिलाई शोधली. यात डिंक किंवा खळ वापरलेली नाही, म्हणून वही पूर्ण उघडते.'

निपाणीचे गुरुजी

पिरॅमिडवाल्यांना काढा. मोठे पिरॅमिड आणि ही शिलाई यांच्यात अडीच हजार वर्षांहून जास्त अंतर. त्या लोकांकडे गुंडाळ्या होत्या, पानांचं पुस्तक नव्हतं. 'शोधली' हेही नको, सापडली एवढंच आपल्याला माहीत. असं लिहा:

'या वहीची शिलाई कॉप्टिक पद्धतीची आहे. इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांना कॉप्ट म्हणतात. अशी शिवलेली सर्वांत जुनी पुस्तके इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली असून ती इजिप्तमध्ये मिळाली, त्यावरून हे नाव. पाठीला डिंक नसल्याने वही पूर्ण उघडते.'

कॉप्ट आणि कॉप्टिक यांत घोळ करू नका. माणूस कॉप्ट, भाषा, चर्च, पंचांग, कापड, शिलाई ही कॉप्टिक. कानडीतही कॉप्टिकच ठेवा, उगाच भाषांतर नको. माझे एक विद्यार्थी चिकोडीला कानडी शिकवतात, त्यांच्याकडून मजकूर करून घेतो, उद्यापर्यंत देतो.

खानापूर ते कुवेत

गुरुजींचं बरोबर. माझ्या खोलीतल्या मित्राला फोटो पाठवला वहीचा. त्यानं लिहिलंय की असलं काही त्याच्या घरी कुणी शिवत नाही, पण वही छान आहे, एक पाठवून दे.

शहापूरची बाइंडर

गुरुजी, तुमचाच मजकूर छापते. कानडीतला आला की डीटीपीला टाकते. आत्याबाईंना चपलेचं उदाहरण सांगितलं, त्या म्हणाल्या मग अथणीचीच चप्पल द्या की परतभेट. दादा, कुवेतला नाही, पण मित्र कधी बेळगावला आला तर एक वही त्याच्यासाठी बाजूला ठेवते. मुलीनं दोऱ्याचा रंग मोरपंखी सांगितलाय, तो खडेबाजारात मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवलाय.

अनगोळ नाका

ताई, एक वही कितीला पडते ओ? बहिणीचं लग्न हाय मार्गशीर्षात.

शहापूरची बाइंडर

दुकानात या. साधा पुठ्ठा की कापडी, त्यावर आहे. आणि येताना बहिणीला घेऊन या, नाहीतर तुम्ही मागवाल एक आणि तिला हवी असंल दुसरीच.